मराठी ध्वनिमुद्रिकांच्या मूळ छापांची लेबलांवरून ओळख

मराठी ध्वनिमुद्रिकांच्या मूळ छापांची ओळख म्हणजे ग्रामोफोनची जुनी तबकडी तिच्या प्रथम प्रकाशनाच्या वेळी छापली गेली की नंतरच्या काळात त्याच साच्यावरून पुन्हा काढली गेली, हे तिच्या मध्यभागी चिकटवलेले कागदी लेबल, त्यावरील बोधचिन्ह, कंपनीचे नाव, क्रमांक आणि लाखेत कोरलेल्या खुणा यांच्या आधारे ठरविण्याची पद्धत होय. नाट्यसंगीत, अभंग, लावणी, भावगीत, कोळीगीत, चित्रपटगीत आणि शास्त्रीय गायन या सर्व प्रकारांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना ही पद्धत लागू पडते. काही फेरफार करून ४५ व ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीही ती वापरता येते.

बहुतेक जुन्या तबकड्यांवर प्रकाशनाचे वर्ष छापलेले नसते. त्यामुळे गायकाच्या कारकिर्दीचा क्रम लावणे, पदाचा जुना पाठ निश्चित करणे, ध्वनिमुद्रणाच्या स्वामित्वहक्काची मुदत मोजणे आणि तबकडीचे मूल्य ठरविणे या सर्व गोष्टी लेबलाच्या वाचनावर अवलंबून राहतात.

## संज्ञा

ध्वनिमुद्रण आणि छाप या दोन भिन्न गोष्टी आहेत. ध्वनिमुद्रण एकदाच होते. त्यावरून धातूचा साचा तयार होतो आणि त्या साच्याच्या साहाय्याने तबकड्या दाबून काढल्या जातात. मागणी टिकून असेल तर तेच ध्वनिमुद्रण वीस-तीस वर्षांनंतरही पुन्हा छापले जाई. अशा वेळी आवाज जुना परंतु लेबल नवे अशी स्थिती उद्भवते.

* मूळ छाप : प्रथम प्रकाशनाच्या वेळच्या लेबलासह निघालेली तबकडी.
* पुनर्छाप : त्याच साच्यावरून किंवा त्याच धातुप्रतीपासून बनविलेल्या नव्या साच्यावरून नंतर काढलेली तबकडी.
* पुनर्प्रकाशन : जुने ध्वनिमुद्रण नव्या क्रमांकाने, नव्या जोडीने किंवा नव्या स्वरूपात (उदाहरणार्थ, ७८ फेऱ्यांवरून दीर्घमुद्रिकेवर) प्रसिद्ध करणे.
* पुनर्मुद्रण : त्याच गायकाने तेच पद काही वर्षांनी नव्याने गाऊन दिलेले स्वतंत्र ध्वनिमुद्रण. नाव व पद सारखे असल्याने याची पुनर्छापेशी गल्लत होते. लाखेत कोरलेला क्रमांक वेगळा असल्यास ते पुनर्मुद्रण समजावे.

## पार्श्वभूमी

भारतीय भाषांतील काही ध्वनिमुद्रणे १८९९ मध्ये लंडन येथे झाली होती. तथापि भारतभूमीवरील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग यांच्या १९०२ मधील कलकत्ता दौऱ्याने झाला. गौहरजान यांची पहिली ध्वनिमुद्रणे याच दौऱ्यातील होत. त्यानंतर ध्वनिमुद्रकांची पथके मुंबईसह अन्य शहरांत येऊ लागली आणि मराठी रंगभूमीवरील पदे तबकड्यांवर उतरू लागली.

आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रण भारतात होई, परंतु मेणावरील मुद्रा जहाजाने जर्मनीतील हानोफर येथे पाठवून तेथे तबकड्या छापल्या जात व त्या पुन्हा जहाजानेच भारतात येत. हानोफर येथील कामगारांना भारतीय भाषा अपरिचित असल्याने अनेक गायक-गायिका गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारीत. त्या काळच्या तबकड्यांच्या अखेरीस ऐकू येणारी ही नावे लेबल पडताळण्याचे उत्तम साधन आहेत. लेबलावर एक नाव आणि अखेरच्या घोषणेत दुसरे नाव आढळल्यास लेबल चुकीचे चिकटविले गेले, असे मानण्यास जागा राहते.

१९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना सुरू केला. १९२८ मध्ये हे काम दमदम येथे हलविण्यात आले. त्यानंतरच्या काळातील ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या बहुसंख्य मराठी तबकड्या दमदमच्या आहेत. गाणे मुंबईत मुद्रित झाले तरी तबकडी कलकत्त्याची, हा प्रकार म्हणूनच नेहमीचा होता. लेबलावरील छापखान्याच्या गावावरून ध्वनिमुद्रणाचे गाव ठरविता येत नाही.

## लेबलाचे वाचन

### कंपनीचे नाव

कालनिश्चितीसाठी कंपनीचे पूर्ण नाव हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने १९०० च्या अखेरीस टंकलेखन यंत्रांचा व्यवसायही हाती घेतला आणि ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड’ हे नाव धारण केले. १९०७ मध्ये ‘टाइपरायटर’ हा शब्द गळाला. त्यामुळे लेबलावर हा शब्द असलेली भारतीय तबकडी १९०२ ते १९०७ या अल्प काळातील ठरते.

१९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया ग्राफोफोन कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन ई.एम.आय. हा समूह निर्माण झाला. यानंतर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, ‘कोलंबिया’, ‘ओडियन’ ही वरकरणी प्रतिस्पर्धी भासणारी नावे एकाच समूहाच्या छत्राखाली आली. १९५६ च्या कंपनी कायद्याने खाजगी मर्यादित कंपन्यांना नावात ‘प्रायव्हेट’ हा शब्द वापरणे आवश्यक ठरविले. तो शब्द असलेले लेबल १९५६ नंतरचे समजण्यास हरकत नाही. ‘सारेगामा’ हे कंपनीचे नाव तर २००० पासूनचे आहे.

### बोधचिन्ह

ग्रामोफोन कंपनीचे आरंभीचे बोधचिन्ह म्हणजे पिसाच्या लेखणीने तबकडीवर ध्वनी कोरणारा पंखधारी देवदूत. कर्ण्यासमोर बसून धन्याचा आवाज ऐकणारा कुत्रा हे चिन्ह फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराच्या चित्रावरून घेतले आहे. कंपनीने ते चित्र १८९९ मध्ये विकत घेतले असले, तरी भारतीय लेबलांवर कुत्रा स्थिरावण्यास १९१० चे दशक उजाडावे लागले. संग्राहकांमध्ये देवदूताच्या लेबलांना ‘कुत्र्याआधीची’ असे म्हटले जाते. एखाद्या पदाचे देवदूताचे लेबल आणि कुत्र्याचे लेबल अशा दोन्ही तबकड्या उपलब्ध असतील आणि लाखेतील क्रमांक एकच असेल, तर कुत्र्याची तबकडी निश्चितपणे पुनर्छाप होय.

### एकबाजू आणि दुबाजू

१९०२ पासूनच्या पहिल्या काही वर्षांत ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय तबकड्या एकाच बाजूने मुद्रित असत. मागील बाजू कोरी असे किंवा तिच्यावर देवदूताची उठावदार आकृती असे. दहा इंची तबकड्यांच्या लेबलावर ‘कॉन्सर्ट’ आणि बारा इंची तबकड्यांवर ‘मोनार्क’ हा शब्द आढळतो. १९०७-०८ च्या सुमारास दुबाजू तबकड्या रूढ झाल्या आणि पूर्वीची एकबाजू ध्वनिमुद्रणे जोड्या लावून पुन्हा काढण्यात आली.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. १९०४-०५ मध्ये मुद्रित झालेले पद दुबाजू तबकडीवर आढळले तर ती मूळ छाप नव्हे. मात्र हा नियम सर्व कंपन्यांना सरसकट लावता येत नाही. बर्लिनच्या ‘ओडियन’ने १९०४ मध्येच दुबाजू तबकड्या आणल्या होत्या. त्यामुळे ‘ओडियन’ची आरंभीची दुबाजू तबकडी मूळ असू शकते.

### क्रमांक

तबकडीवर साधारणपणे तीन प्रकारचे क्रमांक असतात.

* सूचिक्रमांक : लेबलावर ठळक छापलेला, विक्रीसाठीचा क्रमांक. त्यापूर्वीचे अक्षर मालिका दर्शविते. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या ‘पी’ आणि नंतरच्या ‘एन’, ‘कोलंबिया’ची ‘जी.ई.’ आणि ‘ट्विन’ची ‘एफ.टी.’ या मालिका मराठी तबकड्यांत वारंवार भेटतात. ‘पी’ मालिकेत प्रथम निघालेले पद नंतर ‘एन’ मालिकेत आले असेल तर ते पुनर्प्रकाशन होय.
* साचाक्रमांक : लेबलाच्या कडेबाहेर, लाखेच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला किंवा उमटलेला क्रमांक. हा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा क्रमांक असतो व लेबल बदलले तरी तो बदलत नाही. दोन तबकड्यांची तुलना करताना प्रथम हाच पाहावा. ई.एम.आय. काळातील पद्धतीत दहा इंची तबकडीच्या साचाक्रमांकाचा प्रारंभ ‘ओ’ अक्षराने व बारा इंचीचा ‘२’ या अंकाने होतो.
* छापसाच्याची खूण : प्रत्यक्ष दाबणीसाठी वापरलेल्या साच्याचा अनुक्रम. इंग्लंडमधील हेस येथील कारखान्यात त्यासाठी दहा अक्षरांची संकेतमाला होती : जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि ० यांच्याबद्दल योजली जात. ‘जी’ म्हणजे पहिला साचा, ‘जी.डी.’ म्हणजे दहावा. ही संकेतमाला हेसच्या छापांसाठी आहे. दमदमच्या तबकडीवरील सुटे अक्षर या कोष्टकाने उलगडू नये.

### विद्युत ध्वनिमुद्रणाच्या खुणा

१९२५ पर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गात व ध्वनिलहरींच्या जोरावरच सुई मेणावर रेघ ओढी. त्यानंतर मायक्रोफोनवर आधारित विद्युत पद्धती आली. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या साचाक्रमांकाशेजारी लहान त्रिकोण असल्यास ते वेस्टर्न इलेक्ट्रिक पद्धतीचे ध्वनिमुद्रण असते. चौकोन असल्यास ते १९३१ नंतरच्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे असते. ‘कोलंबिया’वर याच अर्थी वर्तुळातील ‘डब्ल्यू’ आणि वर्तुळातील ‘सी’ ही चिन्हे येतात.

केशवराव भोसले यांचे निधन ४ ऑक्टोबर १९२१ रोजी झाले. अर्थात त्यांच्या आवाजातील प्रत्येक अस्सल ध्वनिमुद्रण विद्युतपूर्व काळातील असले पाहिजे. त्यांच्या नावाच्या लेबलाशेजारी लाखेत त्रिकोण किंवा चौकोन दिसल्यास लेबल आणि तबकडी यांची सांगड तपासावी. उलटपक्षी बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची कारकीर्द दोन्ही पद्धतींच्या काळात पसरलेली असल्याने त्यांच्या बाबतीत या खुणांवरून पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे करता येतात.

## मराठी तबकड्यांवर आढळणारी प्रमुख नावे

ग्रामोफोन / हिज मास्टर्स व्हॉइस : संख्येने सर्वांत मोठा संग्रह. देवदूत, कुत्रा, ‘पी’ मालिका, ‘एन’ मालिका असा स्थूल क्रम लक्षात ठेवावा. १९३८ पासून कंपनीच्या मुंबई शाखेत काम करणारे गायक जी. एन. जोशी यांनी मराठी भावगीत व शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात मोठी कामगिरी बजावली.

बेका : लांब मानेच्या पक्ष्याचे बोधचिन्ह असलेली जर्मन तबकडी. १९०५-०६ पासून भारतात आली. पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू होताच जर्मनीहून येणारा माल थांबला. त्यामुळे जर्मन बनावटीची ‘बेका’ तबकडी युद्धपूर्व काळातील समजली जाते.

ओडियन : स्तंभांवर उभ्या असलेल्या घुमटाकार वास्तूचे बोधचिन्ह. भारतात हिचे दोन स्वतंत्र कालखंड आहेत, एक युद्धपूर्व व दुसरा १९३० च्या दशकातील. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची उत्तरायुष्यातील प्रसिद्ध ध्वनिमुद्रणे दुसऱ्या कालखंडातील होत. त्यांनी त्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही ग्रामोफोन कंपनीसाठी गायन केले होते. दोन्ही वेळच्या तबकड्यांची सरमिसळ टाळण्यासाठी लेबलाबरोबर ध्वनीची पद्धतीही पाहावी लागते.

निकोल : तपकिरी रंगाची, पुठ्ठ्याच्या गाभ्यावर सेल्युलॉइडचा थर दिलेली तबकडी. काळ्या लाखेच्या तबकड्यांच्या ढिगात ती रंगावरूनच ओळखू येते.

पाते : या फ्रेंच कंपनीच्या तबकड्यांत रेघ आडवी न हलता खालीवर कोरलेली असते आणि आरंभीच्या तबकड्या मध्यापासून बाहेर वाजतात. त्या नेहमीच्या पोलादी सुईने वाजविल्यास तबकडीची हानी होते.

ट्विन : ग्रामोफोन कंपनीचीच स्वस्त दराची तबकडी. स्वस्त म्हणून ती दुय्यम समजू नये. अनेक पदे प्रथम व केवळ याच नावाखाली निघाली. अशा पदांची ‘ट्विन’ हीच मूळ छाप होय.

कोलंबिया : जोडस्वरचिन्हांचे बोधचिन्ह. १९२० च्या दशकातील अनेक ‘कोलंबिया’ तबकड्यांचा वेग मिनिटास ८० फेऱ्यांचा आहे. त्या ७८ वर लावल्यास स्वर किंचित उतरतो.

यंग इंडिया : नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या मुंबईच्या स्वदेशी कंपनीने १९३५ पासून सुमारे दोन दशके या तबकड्या काढल्या. कारखाना वडाळ्यास होता. मोठ्या कंपनीने दुर्लक्षिलेल्या अनेक गायकांना व वक्त्यांना या कंपनीने स्थान दिले. पुनर्छापा कमी निघाल्याने हाती येणारी ‘यंग इंडिया’ बहुधा मूळ असते.

ब्रॉडकास्ट : १९३० च्या दशकातील तबकडी. केसरबाई केरकर यांची ध्वनिमुद्रणे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ व ‘ब्रॉडकास्ट’ या दोन्ही नावांवर आढळतात. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सुवर्णतबकडीवर त्यांच्या भैरवीचा समावेश आहे. या निवडीनंतर त्यांच्या जुन्या तबकड्यांचा शोध वाढला आणि मूळ छाप व पुनर्छाप यांतील भेद अधिक काटेकोरपणे पाहिला जाऊ लागला.

## मराठी लेबलांचे विशेष

### नाटक व चित्रपटाचे नाव

नाट्यपदाच्या लेबलावर पुष्कळदा नाटकाचे नाव असते. त्यामुळे तबकडीची पूर्वसीमा ठरते. ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६), ‘एकच प्याला’ (१९१९), ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकांतील पदांच्या तबकड्या त्या त्या वर्षापूर्वीच्या असू शकत नाहीत. मराठी बोलपटांचा प्रारंभ ‘अयोध्येचा राजा’ने १९३२ मध्ये झाला. लेबलावर बोलपटाचे नाव असल्यास ही सीमा आपोआप लागू होते. ‘सौभद्र’ किंवा ‘शाकुंतल’ यांसारख्या एकोणिसाव्या शतकातील नाटकांच्या पदांना मात्र या पद्धतीचा उपयोग नाही.

### लिपी व शुद्धलेखन

आरंभीच्या लेबलांवर पदाचे शब्द रोमन लिपीत, परकी कानांनी ऐकले तसे छापलेले असत. देवनागरी लेबलांचे प्रमाण पुढे वाढले. या लेबलांचे शुद्धलेखन हा मराठी तबकड्यांपुरता उपलब्ध असलेला खास पुरावा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तिनिष्ठ अनुस्वार वगळले. ‘नाटकांतील पदें’, ‘गाणें’, ‘कसें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असलेले लेबल साधारणतः त्यापूर्वीचे आणि ‘नाटकातील पदे’ असे लेबल त्यानंतरचे मानता येते. हा पुरावा साहाय्यक स्वरूपाचा आहे. जुन्या वळणाचे मुद्रक नवे नियम लागू झाल्यावरही काही काळ अनुस्वार देत राहिले, आणि नियमांपूर्वीही जागेअभावी अनुस्वार गाळले जात. तथापि एकाच पदाच्या दोन लेबलांपैकी एकावर अनुस्वार असून दुसऱ्यावर नसेल, तर पौर्वापर्य ठरविण्यास ही खूण फार उपयोगी पडते.

संज्ञाही कालदर्शक असतात. ‘भावगीत’ हा शब्द लेबलांवर १९३० च्या दशकापासून रूढ झाला.

### गायकाच्या नावापुढील विशेषणे

‘मास्टर’, ‘बाई’, ‘मिस’, ‘बुवा’ आणि गावाचे नाव (‘पूना’, ‘बॉम्बे’) ही विशेषणे लेबलावर सामाजिक इतिहासाची नोंद करून ठेवतात. कित्येक लेबलांवर ‘ॲमॅच्युअर’, म्हणजे हौशी, असा शब्द येतो. गाणे हा आपला व्यवसाय नाही हे सांगण्याची, विशेषतः स्त्रियांना, त्या काळी भासलेली गरज त्यातून दिसते. पुनर्छापांत असे शब्द बहुधा गळतात. त्यामुळे विशेषणासह असलेले लेबल हे आधीचे असण्याचा संभव अधिक असतो.

### श्रेयनामावली

मूळ लेबलावर कवी, संगीतदिग्दर्शक किंवा साथीदार यांचे नाव असते आणि नंतरच्या संकलनात ते राहून जाते, असे वारंवार घडते. उलट, आरंभी केवळ ‘पारंपरिक’ म्हणून छापलेल्या लोकगीताला पुढे एखाद्या व्यक्तीचे नाव चिकटलेलेही आढळते. कर्तृत्वाविषयी वाद उत्पन्न झाल्यास मूळ छापेचे लेबल हा समकालीन लेखी पुरावा ठरतो.

## पाकीट, शिक्के आणि किमती

तबकडीचे कागदी पाकीट व त्यावरील विक्रेत्याचा शिक्का यांवरूनही काळाचा अंदाज येतो.

* किंमत रुपये-आणे-पै अशी असल्यास पाकीट १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाणेपद्धतीपूर्वीचे असते. ‘नवे पैसे’ हा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळातील होय.
* पत्त्यात सहा अंकी पिनकोड असल्यास शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा असतो.
* ‘जिल्हा कुलाबा’ असा उल्लेख उरण, पनवेल, अलिबाग या भागांतील शिक्क्यांवर असल्यास तो १ जानेवारी १९८१ पूर्वीचा धरावा. त्या दिवसापासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

पाकीट आणि तबकडी यांची अदलाबदल घरोघर होत असे. म्हणून पाकिटावरून काढलेला निष्कर्ष लेबलाने पुष्ट झाल्याखेरीज ग्राह्य मानू नये. तसेच विक्रीचा शिक्का छपाईचा नव्हे, तर विक्रीचा काळ सांगतो.

## दीर्घमुद्रिका व लघुमुद्रिका

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतात व्हिनाइलच्या दीर्घमुद्रिका रुजू लागल्या. ग्रामोफोन कंपनीच्या ‘ई.सी.एल.पी.’ व ‘ई.ए.एल.पी.’ या मालिका एकस्वनी, तर ‘ई.सी.एस.डी.’ व ‘ई.ए.एस.डी.’ या द्विस्वनी आहेत. ७८ फेऱ्यांच्या काळातील ध्वनिमुद्रण द्विस्वनी मालिकेत आढळल्यास ते कृत्रिमरीत्या दोन वाहिन्यांत विभागलेले पुनर्प्रकाशन होय. १९७० च्या सुमारास ‘पॉलिडॉर’ ही प्रतिस्पर्धी कंपनी भारतात आली. तिचे पुढे ‘म्युझिक इंडिया’ झाले.

‘मूळ’ या शब्दाचा अर्थ येथे जपून घ्यावा लागतो. ग. दि. माडगूळकर यांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले, तेव्हा त्यातील गीते वेगवेगळ्या गायकांनी गायिली होती. दुकानांत मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांवर सुधीर फडके यांचा आवाज आहे. ही ध्वनिमुद्रणे नभोवाणीवरील प्रसारणाची प्रत नसून स्वतंत्र आहेत. त्यांच्या पहिल्या छापेला ‘मूळ छाप’ म्हणता येईल, परंतु ‘मूळ प्रसारण’ म्हणता येणार नाही.

## न्हावा शेवा व रायगड किनारा

मुंबई बंदराच्या पैलतीरावरील न्हावा, शेवा, उरण, मोरा या परिसराचा मुंबईच्या बाजाराशी संबंध दीर्घकाळ भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचने जोडलेला होता. आगरी व कोळी समाजाच्या या पट्ट्यात लग्नातील धवले, पालखीची गाणी आणि कोळीगीते यांची समृद्ध मौखिक परंपरा आहे. कोळीगीत हा प्रकार तबकडीवर लोकप्रिय झाला तो मुख्यत्वे ४५ फेऱ्यांच्या लघुमुद्रिकांच्या काळात. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांच्यासारख्या गायकांची कोळीगीते तबकडीमुळे घराघरांत पोहोचली. शांता शेळके यांनी लिहिलेले व हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेले ‘मी डोलकर’ हे याच वळणाचे, परंतु नव्याने रचलेले गीत आहे. परंपरागत आणि रचित यांतील हा फरक लेबलावरील श्रेयनामावलीतून स्पष्ट होतो.

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. त्यासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना १९८० च्या दशकात स्थलांतर करावे लागले. घर हलते तेव्हा फुटणाऱ्या वस्तू प्रथम मागे राहतात, आणि लाखेची तबकडी ही फुटणारी वस्तू आहे. अशा स्थलांतरित घरांतून शिल्लक राहिलेल्या तबकड्या पाकिटाविना, एकावर एक रचलेल्या अवस्थेत मिळणे स्वाभाविक असते. त्यांचा काळ ठरविण्यास लेबलाखेरीज दुसरे साधन उरत नाही.

किनाऱ्यावरील खारी व दमट हवा लाखेपेक्षा लेबलाच्या कागदाला अधिक बाधते. पावसाळ्यात कागदावर बुरशी धरते, शाई पसरते आणि सोनेरी अक्षरे काळवंडतात. यामुळे या भागातील तबकड्यांच्या बाबतीत लाखेतील साचाक्रमांक वाचणे विशेष महत्त्वाचे ठरते.

### निर्यात

न्हावा शेवा हे देशातील अग्रगण्य कंटेनर बंदर असल्याने जुन्या वस्तूंच्या निर्यातीचा प्रश्न येथे प्रत्यक्ष उद्भवतो. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेषाच्या व्याख्येत येऊ शकते व अशी वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. १९०२ पासूनच्या आरंभीच्या तबकड्या आता या वयोमर्यादेत आल्या आहेत. वस्तू पुरावशेष नाही असे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येते. त्यासाठी तबकडीचे वय सांगावे लागते, आणि ते लेबलावरूनच ठरते.

## स्वामित्वहक्काशी संबंध

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियमानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९५६ मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. तेच ध्वनिमुद्रण १९७२ मध्ये दीर्घमुद्रिकेवर आले असेल तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. ज्याच्याजवळ केवळ दीर्घमुद्रिका आहे त्याला हे ध्वनिमुद्रण अद्याप संरक्षित भासेल, तर मूळ छाप पाहणाऱ्यास ते सार्वजनिक झाल्याचे कळेल. ग्रंथालये व संग्रहालयांच्या अंकीकरणाच्या कामात हा भेद निर्णायक असतो.

गीताच्या शब्दांचा हक्क मात्र वेगळा असून तो कवीच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ मध्ये झाल्याने त्यांच्या गीतांचा काव्यविषयक हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत अबाधित आहे, मग त्यांच्या जुन्या तबकडीची मुदत केव्हाही संपलेली असो.

## तपासणीची पद्धत

१. तबकडी कडेने व लेबलाला धरून उचलावी. रेघांना बोटे लावू नयेत.

२. लेबलाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र सफाईपूर्वी घ्यावे.

३. कंपनीचे पूर्ण नाव, बोधचिन्ह, सूचिक्रमांक, भाषा, गायक, पद, नाटक वा चित्रपट आणि बनावटीचे स्थळ जसेच्या तसे, चुकांसह, उतरवून घ्यावे.

४. साचाक्रमांक तिरप्या प्रकाशात वाचावा. अस्पष्ट असल्यास पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने हलकेच घासावे.

५. दोन्ही बाजूंचे साचाक्रमांक स्वतंत्रपणे नोंदवावेत. एका बाजूचे पद दुसऱ्या बाजूच्या पदापेक्षा कित्येक वर्षे जुने असू शकते. अशा तबकडीचा काळ नव्या बाजूवरून धरावा.

६. सर्व खुणा एकाच काळाकडे निर्देश करीत असतील तरच ‘मूळ छाप’ असा निर्णय द्यावा. एखादी खूण विसंगत असल्यास तिचे कारण सापडेपर्यंत निर्णय राखून ठेवावा.

लाखेच्या तबकडीस स्पिरिट किंवा अल्कोहोलयुक्त द्रव लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. सौम्य साबणाच्या पाण्याने, लेबल कोरडे ठेवून पुसणे सुरक्षित असते. तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात.

### फसगतीची स्थाने

एका तबकडीचे लेबल काढून दुसरीवर चिकटविणे हा जुना प्रकार आहे. मूळ लेबल दाबणीच्या वेळी उष्ण लाखेत रुतते व त्याची कड पृष्ठभागाशी समतल असते. नंतर चिकटविलेल्या लेबलाची कड नखाला जाणवते. दुर्मीळतेविषयीही सावधगिरी बाळगावी. जुनी तबकडी दुर्मीळ असतेच असे नाही. अत्यंत लोकप्रिय पदांच्या मूळ छापा मोठ्या संख्येने निघाल्या होत्या, तर कमी खपलेल्या पदाची एकमेव छापही आज सापडणे कठीण असते.

## संशोधन व संस्था

सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचे सचिव म्हणून दीर्घकाळ काम पाहिले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात तबकड्यांच्या सूची, लेबलांची छायाचित्रे व गायकांविषयीचे लेख प्रसिद्ध झाले. मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ व १९०८ ते १९१० या काळांतील भारतीय ध्वनिमुद्रणांच्या सूची ग्रंथरूपाने सिद्ध केल्या, तसेच ७८ फेऱ्यांच्या भारतीय लेबलांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जी. एन. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आत्मकथन ध्वनिमुद्रण व्यवसायाची आतली बाजू उलगडून दाखविते.

छापील सूची बहुतांशी कंपनीच्या कागदपत्रांवर आधारित असतात. सूचीत नोंद आहे परंतु तबकडी सापडत नाही, किंवा तबकडी हाती आहे परंतु तिची नोंद नाही, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे असतात. म्हणून घरगुती संग्रहातील साध्या तबकडीची अचूक नोंदही या अभ्यासात मोलाची ठरते.

## हे सुद्धा पहा

* ग्रामोफोन
* मराठी नाट्यसंगीत
* भावगीत
* कोळीगीत
* बालगंधर्व
* जवाहरलाल नेहरू बंदर